विम्बल्डन १८७७: जाळीचा झोळ आणि बावीस नावांचा ड्रॉ

एकूण ६०१ गेम. त्यांतले ३७६ सर्व्हिस करणाऱ्याने जिंकले, २२५ समोरच्याने. विम्बल्डनची पहिली स्पर्धा संपल्यावर तिचे मुख्य पंच हेन्री जोन्स यांनी सगळ्या सामन्यांची गुणपत्रकं पुढ्यात घेऊन ही मोजदाद केली. विजेता कोण, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. जोन्सना वेगळीच गोष्ट तपासायची होती: आपण महिन्याभरापूर्वी आखलेलं कोर्ट आणि लिहिलेले नियम बरोबर होते का?

या प्रकरणात खरा रस इथे आहे. खेळ जेमतेम तीन वर्षांचा, चेंडू धड ठरलेला नाही, जाळीच्या उंचीवर एकमत नाही, आणि एका क्रोके क्लबाने (क्रोके म्हणजे हिरवळीवर लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून घालवायचा खेळ) ठरवलं की आपण सगळ्या हौशी खेळाडूंसाठी खुली स्पर्धा भरवायची. तयारीला पाच आठवडे. त्या पाच आठवड्यांत घेतलेले काही निर्णय आजही तसेच आहेत, आणि काहींनी स्पर्धेचा निकालच वाकवला. हे दुसऱ्या प्रकारचे निर्णय इथे जास्त तपशिलात पाहायचे आहेत.

जागा आणि माणसं

ऑल इंग्लंड क्रोके क्लब स्थापन झाला १८६८ मध्ये. पुढच्या वर्षी त्याने लंडनजवळ विम्बल्डनला वॉर्पल रोडवर, रेल्वेमार्गाला लागून, चार एकर जागा भाड्याने घेतली. (आजचं चर्च रोडचं मैदान १९२२ चं, ते वेगळं.) क्रोकेची हौस १८७० नंतर ओसरू लागली आणि भाडं मात्र चढतं होतं. १८७५ मध्ये जोन्स यांच्याच सूचनेवरून एक हिरवळ लॉन टेनिस आणि बॅडमिंटनसाठी राखून ठेवली गेली. यातल्या बॅडमिंटनचं नातं आपल्याकडे येतं: त्याचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले, आणि काही काळ तो खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. विम्बल्डनला मात्र टेनिसने बाजी मारली. एप्रिल १८७७ मध्ये क्लबाच्या नावात ‘लॉन टेनिस’ हे शब्द आले आणि २ जूनला समितीने स्पर्धा भरवण्याचा ठराव केला.

ठराव मांडला जॉन हेन्री वॉल्श यांनी. ते ‘द फील्ड’ या साप्ताहिकाचे संपादक. म्हणजे जाहिरात कुठे छापायची हा प्रश्नच नव्हता. शिवाय साप्ताहिकाच्या मालकांनी २५ गिनींचा चांदीचा फिरता चषकही देऊ केला. आजच्या भाषेत माध्यम प्रायोजक म्हणतात ते हेच.

नियम ठरवायला तिघांची उपसमिती नेमली: जोन्स, चार्ल्स गिल्बर्ट हीथकोट आणि ज्युलियन मार्शल. जोन्स शिक्षणाने डॉक्टर, पण नाव कमावलं ते व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळाचे जाणकार म्हणून. नियमांची भाषा काटेकोर कशी लिहावी हे त्यांना कळत होतं. दुसरे दोघे रिअल टेनिसवाले. रिअल टेनिस म्हणजे चार भिंतींच्या आत, छपराखाली, फरशीवर खेळायचं जुनं राजेशाही टेनिस. हीथकोट आणि मार्शल तिथून काय काय घेऊन आले, ते पुढे कळेलच. त्यात भलं होतं तसं बुरंही होतं.

मापं: काय टाकलं, काय ठेवलं

१८७४ मध्ये मेजर विंगफील्ड यांनी पेटंट घेतलेला खेळ वाळूच्या घड्याळाच्या आकाराच्या कोर्टवर, कमरेत चेपलेल्या चौकटीत, खेळला जाई. १८७५ मध्ये मेरिलिबोन क्रिकेट क्लबाने केलेल्या नियमांतही तोच आकार होता: लांबी ७८ फूट, मागच्या रेषेपाशी रुंदी ३० फूट, जाळीपाशी २४. गुण १५ पर्यंत, आणि गुण मिळणार तो फक्त सर्व्हिस करणाऱ्याला.

उपसमितीने यातलं बरंच मोडीत काढलं. कोर्ट सरळ आयताकृती झालं, ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. (३० आणि २४ ची सरासरी २७, क्षेत्रफळ होतं तेवढंच राहिलं, फक्त कंबर सरळ झाली.) एकेरीचं कोर्ट आजही याच मापाचं आहे. गुणांसाठी रिअल टेनिसची १५, ३०, ४० ही पद्धत घेतली. सहा गेमचा सेट. सर्व्हिसचा पहिला चेंडू चुकला तर दंड नाही, दुसरा चुकला तर गुण गेला. सेट ५-५ वर आला की पुढच्या एकाच गेमने निकाल. दोन गेमची आघाडी हवी ही अट फक्त अंतिम सामन्यासाठी. त्यामुळे त्या वर्षीच्या निकालांत ६-५ असे सेट दिसतात, ती छापण्यातली चूक नव्हे. बाजू बदलायच्या त्या सेट संपल्यावरच.

चेंडू पोकळ रबरी, वरून पांढऱ्या कापडाचं शिवण. व्यास सव्वादोन ते दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच, वजन सव्वा ते दीड औंस. ग्रॅममध्ये सांगायचं तर ३५ ते ४२. आजचा चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, म्हणजे बराच जड. हलका चेंडू हवेत लवकर मंदावतो आणि वाऱ्याने भरकटतो. आणि कापड भिजलं की हाच चेंडू ओल्या मोज्यासारखा होतो, याचा प्रत्यय अंतिम सामन्यात येणार होता.

आता जाळी. १८७५ च्या नियमांत ती खांबांपाशी ५ फूट आणि मध्ये ४ फूट होती, म्हणजे झोळ एक फुटाचा. उपसमितीने मधली उंची ३ फूट ३ इंचांवर आणली आणि खांब होते तिथेच ठेवले. झोळ झाला २१ इंचांचा. हे कुठून आलं असेल? रिअल टेनिसची जाळी कडेला ५ फूट आणि मध्ये ३ फूट असते. ज्यांच्या डोळ्यांना तीच जाळी सरावाची, त्यांना ही मापं खटकण्याचं कारण नव्हतं.

पण रिअल टेनिसमध्ये भिंती असतात. तिथे चेंडूला खालून घासून काप दिला की तो मागच्या भिंतीवर आपटून जमिनीलगत मरतो, आणि म्हणून मध्यावरून, खालून, सावकाश जाणारा फटकाही घातक ठरतो. हिरवळीवर भिंत नाही. तिथे तोच फटका मध्यावरून येतो आणि जाळीपाशी कोणी उभा असेल तर त्याच्या रॅकेटवर अलगद जाऊन बसतो. दोन मापं एकमेकांना बांधलेली असताना एकच बदललं की काय होतं, याचा हा नमुना. पाहायचं एवढंच होतं, की जाळीपाशी जाऊन उभं राहण्याचं कोणाच्या डोक्यात येतं.

जाहिरात आणि हिशोब

९ जूनच्या ‘द फील्ड’मध्ये जाहिरात आली. स्पर्धा सोमवार ९ जुलैपासून, सर्व हौशी खेळाडूंना खुली, प्रवेश फी एक पौंड एक शिलिंग, म्हणजे एक गिनी. नावं शनिवार ७ जुलैच्या दुपारी सव्वादोनपर्यंत द्यायची. रॅकेट ज्याची त्याने आणायची. सरावाला चेंडू हवे असतील तर क्लबाच्या माळ्याकडे मागायचे. आणि एक अट: बूट बिनटाचांचे असले पाहिजेत. कपड्यांबद्दलच्या आजच्या कडक शिस्तीमुळे ही अट शिष्टाचाराची वाटते, पण ती मैदान वाचवण्यासाठी होती. अचानक थांबताना माणसाचा सगळा भार टाचेवर येतो आणि चामड्याची कडक टाच गवताचा तुकडा मुळासकट उखडते. अशी एक खोक पडली की त्यावर पडणारा प्रत्येक चेंडू वेडावाकडा उडतो.

बक्षिसांच्या रकमेबद्दल जाहिरातीत आकडा पक्का दिलेला नव्हता. प्रवेश फीच्या एकूण रकमेपेक्षा बक्षिसं कमी असणार नाहीत एवढीच हमी होती. हे चतुर होतं. नावं आली बावीस, म्हणजे जमा बावीस गिनी. बक्षिसं लावली ती अशी: पहिलं १२ गिनी, दुसरं ७, तिसरं ३. बेरीज करून पाहा, बरोबर बावीस. खेळाडूंचे पैसे खेळाडूंनाच परत, क्लबाला तोशीस नाही, आणि फिरता चषक पाहुण्याच्या खर्चाने. वर राहिलं ते प्रेक्षकांचं तिकीट. अंतिम सामन्याला माणशी एक शिलिंग दराने साधारण २०० लोक आले, म्हणजे तेवढ्यावरच १० पौंडांच्या आसपास (पौंडाचे शिलिंग वीस). स्पर्धेचा निव्वळ नफाही १० पौंडच राहिला. तट्टाने ओढायचा रोलर नादुरुस्त होता आणि त्याच्या डागडुजीसाठी ही स्पर्धा भरवली, ही कथा विम्बल्डनच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. ती शब्दशः घेतली नाही तरी क्लबाच्या गरजेचा आकार तिच्यात बरोबर उतरला आहे: मोठं स्वप्न वगैरे काही नाही, हिरवळ राखायला पैसे हवेत.

क्रोकेच्या हिरवळीवर टेनिस

क्रोके क्लबाकडे टेनिस जाणं ही योगायोगाची गोष्ट म्हणता येणार नाही. विंगफील्डच्या खेळाला जे हवं होतं ते, म्हणजे सपाट, बारीक कापलेलं, दाट गवत, क्रोकेवाल्यांकडे आयतं होतं. एडविन बडिंगने गवत कापण्याचं यंत्र १८३० मध्ये काढलं होतं, आणि रबर टिकाऊ करण्याची कृती १८४० च्या दशकात हाती आली. हे दोन शोध नसते तर उसळणारा चेंडू नव्हता आणि तो उसळावा अशी हिरवळही नव्हती.

तरी क्रोके आणि टेनिस यांच्या गरजा एक नाहीत. क्रोकेचा जड चेंडू जमिनीवरून घरंगळतो. त्याला फक्त उंचसखलपणा नको. टेनिसच्या चेंडूला टप्पा हवा, आणि टप्पा येतो तो गवताखालच्या मातीतून. माती पोकळ असेल तर चेंडूचा जोर तीच गिळते आणि तो घोट्याच्या वर येत नाही. म्हणून रोलर. रोलर फिरवायची वेळ मात्र नेमकी साधावी लागते: जमिनीला वाफसा असताना. माती कोरडी ठणठणीत असेल तर रोलर नुसता वरून जातो, काही दबत नाही. चिखलट असेल तर वरचा थर थापला जाऊन त्याची कातडी होते, खाली हवा जात नाही, आणि पुढच्या पावसाचं पाणी वरच साचून राहतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. फरक एवढाच, की शेतकरी वाफसा पाहून माती मोकळी करतो आणि मैदानाचा माळी तोच वाफसा पाहून ती दाबतो. त्या काळी यंत्र किंवा रोलर ओढणाऱ्या तट्टाच्या खुरांना चामड्याचे बूट चढवत, त्यामागचं कारण खेळाडूंच्या बिनटाचांच्या बुटांचंच.

आखणीत एक हिशोब उपयोगी पडतो. जाळीची रेषा दोरीने धरली, तिच्यावर २७ फुटांवर दोन खुंट्या मारल्या, की एका खुंटीपासून ३९ फुटांची आणि दुसरीपासून ४७ फूट ५ इंचांची दोरी ताणायची. दोन्ही दोऱ्यांची टोकं जिथे मिळतात तो कोर्टाचा कोपरा. काटकोन आपोआप येतो. तिरकी दोरी इंच-दोन इंच चुकली तरी मागची रेषा डोळ्याला दिसेल इतकी तिरपी होते. खांब बाजूच्या रेषांच्या बाहेर तीन-तीन फुटांवर. म्हणजे दोन खांबांत अंतर ३३ फूट, आणि एवढ्या लांबीत ती झोळ खाणारी जाळी.

तीन उरले तर काय करायचं?

ड्रॉ शनिवारी ७ जुलैला निघाला. बावीस चिठ्ठ्या, मानांकन नाही. ती पद्धत विम्बल्डनला पूर्णपणे आली १९२७ मध्ये. बावीसांचे झाले अकरा सामने. त्यातला एक खेळाडू आलाच नाही, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळाली आणि सोमवारी पहिल्या दिवशी दहा सामने झाले, तेही उघडीप असताना. इथवर ठीक.

अकरा जण राहिले. पाच सामने आणि एकाला पुढे चाल, उरले सहा. सहांचे तीन सामने, उरले तीन. स्पेन्सर गोर, विल्यम मार्शल आणि नियम लिहिणाऱ्या तिघांपैकी एक, म्हणजे हीथकोट. (विल्यम मार्शल आणि उपसमितीतले ज्युलियन मार्शल वेगळे, वाचताना हमखास घोटाळा होतो.) तिघांतून एकाला पुढे चाल देणं भाग होतं, आणि ती उपांत्य फेरीत! चिठ्ठी विल्यम मार्शलच्या बाजूने पडली. गोरने १२ जुलैला हीथकोटला हरवलं आणि मार्शल न खेळता अंतिम फेरीत जाऊन बसला.

चूक कोणाची म्हणावी? नियमाप्रमाणे सगळं चोख होतं. दोष रचनेत होता. प्रत्येक फेरीत विषम संख्या आली की एकाला पुढे चाल, ही पद्धत पहिल्या फेरीत निरुपद्रवी असते आणि शेवटाकडे येताना तिचं मोल वाढत जातं. आयोजकांना हे जाणवलं असावं, कारण अंतिम सामन्यानंतर दुसऱ्या बक्षिसासाठी मार्शल आणि हीथकोट यांचा वेगळा सामना लावला गेला. तीन सेटपैकी दोन जिंकायचे. मार्शलने तो ६-४, ६-४ असा घेतला आणि उपविजेतेपद हक्काचं केलं. म्हणजे १८७७ मध्ये अंतिम फेरी गाठून हरणं उपविजेता व्हायला पुरेसं नव्हतं.

कायमचा उपाय पुढच्या दशकात आला, आर. बी. बॅग्नॉल-वाइल्ड यांच्या सूचनेतून: पुढे चाली सगळ्या पहिल्याच फेरीत देऊन टाकायच्या. खेळाडूंच्या संख्येच्या वरची, दोनच्या पटीत चढत जाणारी संख्या घ्यायची (२, ४, ८, १६, ३२) आणि तिच्यातून खेळाडू वजा करायचे. बावीसांसाठी ३२ वजा २२, म्हणजे दहा जणांना पुढे चाल. उरलेले बारा सहा सामने खेळतात, सहा जिंकतात, सहा आणि दहा सोळा. तिथून पुढे ८, ४, २ असं सरळ. हा हिशोब शाळेतल्या पोराला जमेल असा, पण तो कोणाला सुचायला अर्ध्या डझन स्पर्धा जाव्या लागल्या. आपल्याकडच्या सोसायटीच्या कॅरम स्पर्धेत अजूनही उपांत्य फेरीत चिठ्ठी टाकावी लागते, ती याच चुकीने.

दुसऱ्या बक्षिसाचा पेच मात्र याने सुटत नाही. १८८३ मध्ये ऑक्सफर्डचे गणिती चार्ल्स डॉजसन यांनी (लहान मुलांसाठी ते लुईस कॅरल) यावर एक पुस्तिकाच लिहिली. दोन नंबरचा खेळाडू एक नंबरच्या अर्ध्यात पडला तर तो अंतिम फेरीआधीच गारद होणार. ३२ जणांच्या ड्रॉमध्ये तो दुसऱ्या अर्ध्यात असण्याची शक्यता ३१ पैकी १६, म्हणजे नाणं उडवण्याहून जेमतेम बरी.

क्रिकेटसाठी सुट्टी, मग पाऊस

उपांत्य सामना झाला गुरुवारी. शुक्रवार-शनिवारी टेनिस बंद, कारण लॉर्ड्सवर ईटन आणि हॅरो या दोन शाळांचा वार्षिक क्रिकेट सामना होता. लंडनमधला प्रतिष्ठित वर्ग तिकडे जाणार, खेळाडूंपैकी बरेच त्याच शाळांचे; स्पर्धा चालू ठेवणं म्हणजे रिकाम्या हिरवळीवर खेळणं. गोर स्वतः हॅरोचा. वेळापत्रकात ही सुट्टी आधीच धरलेली होती, आणि ते शहाणपणाचंच होतं.

सोमवारी १६ जुलैला अंतिम सामना ठरला होता, तो पावसाने वाहून गेला. गुरुवारी १९ तारखेला दुपारी साडेतीनची वेळ. तेव्हाही सर आली, सुरुवात तासभर लांबली, आणि खेळ सुरू झाला तो निसरड्या, ओलसर गवतावर. फळ्या टाकून केलेल्या बैठकीवर तीसेक माणसं, बाकीची उभी.

निकाल: गोर विजयी, ६-१, ६-२, ६-४. वेळ ४८ मिनिटं.

हा आकडा जरा उकलून पाहा. सात, आठ आणि दहा मिळून पंचवीस गेम. ४८ मिनिटांत पंचवीस, म्हणजे एका गेमला दोन मिनिटांहूनही कमी. बाजू सेटनंतरच बदलायच्या, त्यामुळे मधल्या विश्रांतीत वेळ जात नव्हता हे खरं. पण तेवढ्याने हे भरत नाही. गुण आखूड होते. दोघे मागच्या रेषेवर उभे राहून चेंडू टोलवत बसले असते तर असा वेग आला नसता. कोणीतरी चेंडू जमिनीवर पडूच देत नव्हतं.

गोर जाळीपाशी

गोर सत्तावीस वर्षांचा, सरेकडून क्रिकेट खेळलेला, पण हाताला वळण रॅकेट्स या खेळाचं. रॅकेट्समध्ये कठीण चेंडू भिंतीवर मारायचा असतो. तिथे मनगट चपळ आणि नजर तयार लागते, कापाच्या कलाकुसरीला वाव कमी. मार्शल रिअल टेनिसचा, केंब्रिजचा खेळाडू. जुन्या घराण्याचा तालीमबद्ध गायक आणि त्याच्यासमोर ताल पकडून झटपट खेळणारा तबलजी, असं काहीसं.

आता पुन्हा जाळीकडे येऊ. मार्शल मागच्या रेषेवर, गोर जाळीला लागून मध्यावर. मार्शलला गोरच्या बाजूने चेंडू काढायचा तर तो बाजूच्या रेषेला धरून सरळ मारला पाहिजे. पण तिथे जाळी साडेचार फुटांच्या आसपास उंच. हलका, त्यातून भिजलेला चेंडू, ओल्या गवतावर खाली राहणारा टप्पा. गुडघ्याच्या खालून उचलून साडेचार फुटांवरून न्यायचा आणि तरी तो मागच्या रेषेच्या आत पाडायचा. असा फटका वर चढतो, मंद होतो, आणि गोरला दोन पावलं टाकायला वेळ मिळतो. सोपी वाट एकच: मध्यावरून, जिथे जाळी ३ फूट ३ इंच आहे. आणि तिथे गोर उभा. जाळीचा आकारच चेंडू त्याच्याकडे आणून देत होता, नरसाळ्यातून ओतल्यासारखा. तो फक्त डावीकडे-उजवीकडे व्हॉली (टप्पा पडू न देता हवेतच मारलेला फटका) टाकून मार्शलला पळवत राहिला. जाळीपलीकडे रॅकेट नेऊन चेंडू आपल्या बाजूला येण्याआधीच मारणं तेव्हा निषिद्ध नव्हतं; ती मुभाही त्याने वापरली, आणि पुढे नियमाने ती काढून घेतली.

गोरच्या यशाला त्याच्या चलाखीचं श्रेय आहेच. पण निसरडं मैदान, भिजका चेंडू आणि २१ इंचांचा झोळ हे तिन्ही त्या दिवशी त्याच्या बाजूचे होते. गोरला हा खेळ फारसा आवडला नाही, ही यातली गंमत. १८९० मध्ये त्याने लिहिलं, की क्रिकेट किंवा रिअल टेनिस मनापासून खेळणारा माणूस याच्या एकसुरीपणाला कंटाळून तो सोडून देईल.

गुणपत्रकांवरून दुरुस्ती

६०१ पैकी ३७६, म्हणजे शंभरात जवळजवळ ६३. आजच्या पुरुषांच्या टेनिसमध्ये कोणी एवढेच सर्व्हिस गेम राखले तर त्याची सर्व्हिस कच्ची म्हणतील. पण १८७७ ची सर्व्हिस बहुतेक खालून किंवा खांद्याच्या पातळीवरून हात फिरवून केलेली होती. त्यातही एवढी झुकती बाजू असेल, तर हात उंचावून मारणारे आल्यावर काय होईल?

सर्व्हिसची रेषा जाळीपासून २६ फुटांवर होती, कोर्टाच्या अर्ध्यातला दोन तृतीयांश भाग. साडेआठ फूट उंचीवरून, मागच्या रेषेपासून, थेट सरळ रेषेत मारलेला चेंडू २६ फुटांच्या रेषेवर पडायचा असेल तर तो जाळीवरून जातो तेव्हा त्याची उंची येते ३.४ फूट. मधली जाळी सव्वातीन फूट. म्हणजे उंच माणसाने चेंडूला वळसा किंवा वजन न देता, नुसता सपाट दणका दिला तरी तो आत. तेच गणित २१ फुटांच्या रेषेला केलं तर जाळीवरची उंची येते तीन फुटांहून किंचित कमी, आणि मधली जाळी ३ फूट. आता सपाट दणका जाळीत. चेंडूला खाली यायला थोडं गुरुत्वाकर्षण, थोडा फिरवा लागणार.

समितीने १८७८ साठी रेषा २२ फुटांवर घेतली आणि १८८० मध्ये २१ वर. ती आजही तिथेच आहे. मोजून, कागदावर मांडून केलेली ही दुरुस्ती नेमकी बसली.

जाळीची दुरुस्ती मात्र अर्धवट झाली. १८७८ साठी मधली उंची ३ फूट ३ वरून ३ फुटांवर आली, आणि खांबांपाशी ५ फुटांवरून ४ फूट ९ इंचांवर. दोन्हीकडे तीन-तीन इंच कमी. वजाबाकी केली की झोळ निघतो २१ इंच, म्हणजे होता तेवढाच. जाळी खाली आली, नरसाळं तसंच राहिलं. सर्व्हिसचा प्रश्न आकड्यांत दिसत होता म्हणून तो सुटला. नरसाळ्याची नोंद कोणत्याही गुणपत्रकात होत नव्हती.

त्यामुळे गोरला पहिलं उत्तर मिळालं ते नियमाकडून नाही. १८७८ पासून गतविजेत्याने वाट पाहायची आणि बाकीच्यांतून जिंकून येणाऱ्याशी एकच सामना खेळायचा, अशी पद्धत ठरली. आव्हान घेऊन आला फ्रँक हॅडो, हाही हॅरोचा, सिलोनात कॉफीचा मळेवाला, रजेवर इंग्लंडला आलेला. गोर नेहमीप्रमाणे जाळीशी उभा राहिला, आणि हॅडोने चेंडू त्याच्या डोक्यावरून उंच मागे टाकायला सुरुवात केली. बाजूने वाट नाही, मध्यावर माणूस, मग वरून. ७-५, ६-१, ९-७. हॅडो सिलोनला परतला आणि १८७९ ला विजेतेपद राखायला आलाच नाही.

खांब १८८० मध्ये ४ फुटांवर आले तेव्हा झोळ एक फुटाचा झाला. १८८२ मध्ये ते ३ फूट ६ इंचांवर आले, मधली उंची तीच ३ फूट, झोळ सहा इंच. बाजूच्या रेषेवरून सरळ फटका काढायची वाट मोकळी झाली, आणि जाळीला चिकटून उभ्या राहणाऱ्यांना दोन पावलं मागे सरकावं लागलं.